दहांतील शेवटच्या नावाची हकीकत

श्रीगजवदन आणि कुलस्वामिनी यांचे चरणी माथा ठेवोन, आणि थोर दौलतीच्या आश्रयाने ज्यांची चूल पेटली व ज्यांचे मन विझले त्या सर्वांचे स्मरण करोन, जे घडले ते जसे ऐकिले तसे लिहितो. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमीचे दिवशी नदीकाठच्या एका लहान ठाण्यात लिंगो भास्कर म्हणोन पत्रलेखक होते, त्यांजकडे थोर दौलतीचा जासूद आला, तेथून या हकीकतीस आरंभ.

ठाण्याचे धनी रायाजी नाईक. लेखक अवघे पाच, त्यांत लिंगोपंतांचे अक्षर सर्वांत वळणदार, आणि वय तिसांस दोन उणे. मुशाहिरा थोडा, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. एके वर्षी नाईकांनी वेतनाऐवजी तूर आणि गूळ दिला, आणि गाडीबरोबर स्वतः चालत येऊन प्रत्येक लेखकाचे दारी क्षमा मागितली. पंतांचे वडील निवर्तले तेव्हां नाईक तेराही दिवस पंतांचे ओसरीवर येऊन बसत, बोलत काही नसत, आणि पंतांच्या वाटची पत्रे बाकीच्या चौघांनी लिहोन टाकिली, पुढे त्याचा उच्चारही केला नाही. ऐसे ते ठिकाण. परंतु पंतांची कन्या आवडी, वय वर्षे चार, तीस फेफऱ्याची व्यथा होती. महिन्यात पाच-सहा वेळा मूल उभ्याचे आडवे होई, दातखीळ बसे, डोळे पांढरे होत. एकदा चुलीपाशी पडोन डावा हात कोपरापर्यंत भाजला. मग पंतांचे कुटुंब सगुणाबाई तीस नजरेआड करीत ना, नदीवर जातां पदराने कमरेस बांधोन नेत. गावच्या वैद्याने हात टेकिले होते. आणि जासुदाने थैली उघडोन जे वाचोन दाखविले ते ऐसे: मुशाहिरा आजच्या चौपट, राहावयास घर, वर्षास दोन वेळा वस्त्रे, म्हातारपणी निम्मे वेतन, आणि चाकराच्या बायकामुलांस दौलतीच्या वैद्यशाळेत औषध सरकारखर्चाने, मग ते औषध समुद्रापलीकडोन का आणावे लागेना. पंतांनी बाकीचे सर्व एका कानाने ऐकिले आणि शेवटचे कलम दोन वेळा वाचावयास सांगितले.

संध्याकाळी सगुणाबाईंनी विचारिले, "तेथील माणसे कशी आहेत?" पंत बोलिले, "ते कलम थैलीत नव्हते." बाई म्हणाल्या, "नसो. माणसे कशीही असोत, आवडी बरी होईल तर आपण सोसू." दुसरे दिवशी पंत नाईकांकडे गेले आणि मान खाली घालोन उभे राहिले. नाईकांस आधीच समजले होते. म्हणाले, "लिंगोबा, जा तुम्ही. राहा म्हणावे ऐसे फार मनात आहे, परंतु मी राहा म्हटले आणि पोरीचे काही बरेवाईट जाहले तर मी तुमच्या दारासमोरोन कसा जाऊ? तेथे तुम्हांस मोठेपण मिळो. नाहीच मन लागले तर इकडची वाट ठाऊक आहे." आणि स्वतःची बैलगाडी दिधली.

थोर दौलतीचा थाट काय वर्णावा. सात कोसांवरोन कळस दिसे. लेखकांचा फडच नऊशांचा, प्रत्येकास बैठक स्वतंत्र, कलमदान चांदीचे, दुपारी ताक आणि फळे. पंत दरवाज्यात आले तेव्हां त्यांजवर फुले पडली, आणि चोपदाराने ललकारिले की या दौलतीत धनी नाही आणि चाकर नाही, अवघे एक घर आहे. रोज सकाळी नऊशे लेखक चौकात उभे राहोन, उजवा हात छातीवर ठेवोन, "मी आनंदात आहे" ऐसे तीन वेळा म्हणत, आणि मग कामास बसत. कोणी कोणास अरेतुरे करीत नसे, कोणाचा आवाज चढत नसे. पंतांनी घरी येऊन सांगितले की येथील लोक बहुत सभ्य आहेत. घर पाहावे तर दोन मजल्यांचे, परसात पाण्याचा हौद. आणि वैद्य धुंडीराजशास्त्री यांणी आवडीची नाडी पाहिली, तांबूस रंगाचा काढा सुरू केला, आणि आषाढात सहा वेळा येणारी व्यथा आश्विनात एकदा आली, आणि पुढील सर्वजित संवत्सरी दिवाळीनंतर आलीच नाही. सगुणाबाईंनी एके दिवशी पदर सोडोन मुलीस हौदाकाठी मोकळे खेळू दिले, आणि आपण दाराआड उभ्या राहोन तोंडास पदर लावोन रडल्या. हे सुख खोटे नव्हते. जो कोणी ही हकीकत ऐकेल त्याने हे विसरू नये, कारण पंत ते कधी विसरले नाहीत, आणि त्यांच्या गळ्यातील फास तोच होता.

फडाची रीत मात्र हळूहळू उमगली. दर फाल्गुनात प्रतवारी होई. दहा-दहा लेखकांचा एक ताफा, त्यांस पहिल्यापासोन दहाव्यापर्यंत ओळीने लावीत, आणि दहावा असेल त्यास बडतर्फ करीत. तीन दिवसांत घर रिकामे आणि वैद्यशाळा बंद. दहाही उत्तम असले तरी दहावा हा निघेच. आणि वर्षभर चौकातल्या एका पितळी पेटीत, तीस स्नेहपेटी म्हणत, प्रत्येकाने शेजाऱ्याचे गुणदोष चिठ्ठीवर लिहोन टाकावे ऐसा हुकूम, म्हणजे त्याचे भले होईल. सबब कोणी कोणास शाईची कृती सांगत नसे, चुकीचा शब्द दिसला तरी दाखवीत नसे, उलट चिठ्ठी लिही. एका लेखकाची आई वारली, तो पाचवे दिवशी कामावर आला आणि छातीवर हात ठेवोन आनंदात आहे म्हणाला, तेव्हां शेजारचे सर्व त्याच्या बैठकीकडे न पाहता आपापली पत्रे लिहीत राहिले. पंतांस त्या दिवशी आपली जुनी ओसरी आठवली, आणि त्यांनी त्या लेखकापाशी जाऊन बसावे ऐसे मनात आणिले, आणि मग पेटीकडे पाहिले, आणि ते उठले नाहीत.

त्या नऊशांत एक गृहस्थ विसाजी मुकुंद म्हणोन होते, वय पन्नाशीचे, बैठक पंतांच्या उजवीस. पंतांचे पहिल्याच वर्षी एका तहनाम्यात सालाचा आकडा चुकला होता. विसाजींनी तो कागद वर जाण्याआधी काढोन घेतला, काही न बोलता आकडा दुरुस्त केला, आणि पंतांचे पुढ्यात सरकविला. पंतांनी दबक्या आवाजात विचारिले, "तुम्ही हे का केले? चिठ्ठी लिहिली असती तर तुमची जागा वर गेली असती." विसाजी म्हणाले, "पंत, मी येथे बारा वर्षे आहे. एखादे काम हिशेब न पाहता केले की त्या दिवशी जेवण गोड लागते. बाकी काही नाही." मग दोघांत स्नेह जाहला. विसाजींच्या कुटुंबास, भिमाबाईंस, दम्याचा विकार, त्याही धुंडीराजशास्त्र्यांच्याच औषधावर, आणि वैद्यशाळेच्या ओट्यावर त्या आणि सगुणाबाई एकत्र बसत, आणि आवडी भिमाबाईंच्या मांडीवर निजे. पुढे विसाजींची नजर मंद होऊ लागली. दुपारनंतर त्यांस बारीक अक्षर दिसेना, तेव्हां पंत त्यांची पत्रे आपल्या पत्रांत मिसळोन लिहोन टाकीत. दोन वर्षे हे कोणास कळले नाही.

मग शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, पंतांचे अक्षर हुजुरांचे नजरेस आले, आणि त्यांस एका ताफ्याचे मुख्य केले. शाल मिळाली, मुशाहिरा वाढला. ताफ्यातील दहांत, ज्यांत मुख्यही धरीत, विसाजी मुकुंद होते. माघ सरतां कारभारी जिवाजी त्रिमळ यांणी पंतांस बोलाविले, गादीवर शेजारी बसविले, स्वहस्ते विडा दिला आणि म्हणाले, "आपल्या दहांची ओळ फाल्गुन वद्य तृतीयेपर्यंत यावी." पंत म्हणाले, "कारभारी, दहाही जण नेकीने काम करितात. त्यांत टाकण्याजोगा कोणी नाही." कारभारी हसोन म्हणाले, "हे ऐकोन फार संतोष जाहला. दहाही चांगले असतील तर दहाव्यास दुसरीकडे चाकरी लागावयास अडचण नाही." पंत म्हणाले, "आणि मी नाव न लिहिले तर?" कारभारी तितक्याच गोडीने बोलिले, "मग आम्ही लिहू. दहाव्याचे लिहू, आणि ज्यास लिहिता आले नाही त्याचेही लिहू. पंत, आपली कन्या आता कशी आहे? बरी आहे ना?" पंत उठोन आले.

योग ऐसा की त्याच आठवड्यात रायाजी नाईकांचे पत्र आले. लिहिले होते की लेखकांपैकी एक काशीस गेले, जागा रिकामी आहे, वेतन पूर्वीइतकेच थोडे, यंदा पीक बरे आहे, तुम्ही यावे ऐसे चौघेही म्हणतात. पंतांनी पत्र उशाखाली ठेविले. दुसरे दिवशी ते धुंडीराजशास्त्र्यांकडे गेले आणि विचारिले, "शास्त्रीबोवा, मुलीचे औषध बंद केले तर काय होईल?" शास्त्री बराच वेळ खल घासत राहिले. मग मान वर न करिता म्हणाले, "जिवाची खात्री देत नाही." पंतांनी विचारिले, "ते मूळ विकत घेऊन मी दुसरीकडे काढा केला तर?" शास्त्री म्हणाले, "ते मूळ दौलतीच्या गलबताने येते आणि दौलतीबाहेर जात नाही."

घरी येऊन पंतांनी सगुणाबाईंस सर्व सांगितले, नाईकांचे पत्रही आणि कारभाऱ्यांचे बोलणेही. बाई तांदूळ निवडीत होत्या, त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "भिमाबाई काल आवडीसाठी परकर शिवोन घेऊन आल्या." पंतांनी पगडी काढोन खुंटीस लाविली. बाई म्हणाल्या, "मी आई आहे. मला विचाराल तर मी एकच उत्तर देईन आणि ते उत्तर चांगले नाही. म्हणोन मला विचारू नका." पंत म्हणाले, "न विचारताही तू दिलेस." बाई म्हणाल्या, "होय. दिले." आणि त्यांनी सूप बाजूस ठेविले आणि दोघे तैसेच बसोन राहिले, आणि परसात आवडी हौदाच्या काठावरोन पळत होती तो आवाज येत होता.

पंतांनी मनाशी बहुत प्रकारे तोलिले. एकीकडे नाईकांचे ठाणे, जेथे माणूस माणसाशी माणसासारखा वागे, आणि औषध नाही. दुसरीकडे ही दौलत, जेथे सर्व आहे. एकदा वाटे, दहांतील दुसऱ्या कोणाचे नाव लिहावे. मग एकेक चेहरा डोळ्यांपुढे येई, आणि दहांपैकी नऊजण सूर्य मावळेतो नीट वाचू शकत होते. विसाजींचे नाव लिहिले तर दौलतीच्या नियमाने ते खरेच होते. हेच सर्वांत वाईट, की ते खरे होते. फाल्गुन वद्य द्वितीयेस पंतांनी नाईकांस पत्र लिहिले की आम्ही येथे सुखरूप आहो, येणे होत नाही. आणि तृतीयेस ओळ लिहिली.

हुकूम मुख्यानेच आपल्या हाताने लिहावा आणि समक्ष द्यावा ऐशी रीत होती. दुपार टळली होती. पंतांनी कागद विसाजींचे पुढ्यात ठेविला. विसाजींनी तो हाती घेतला, उजेडाकडे धरिला, जवळ आणिला, लांब नेला, आणि मग पंतांकडे देऊन म्हणाले, "या वेळेस मला अक्षर लागत नाही. तुम्हीच वाचा." पंत म्हणाले, "उद्या सकाळी वाचा." विसाजी म्हणाले, "महत्त्वाचे असेल. वाचा, पंत." मग लिंगोपंतांनी वाचिले. विसाजी मुकुंद यांची चाकरी आजपासोन संपली, तीन दिवसांत घर सोडावे, कुटुंबाचे औषध बंद समजावे, दौलत त्यांचे पुढील आयुष्यात सुख चिंतिते. विसाजी म्हणाले, "खाली कोणाचे नाव आहे?" पंतांनी आपले नाव वाचिले. विसाजी काही वेळ आपल्या चांदीच्या कलमदानावर बोट फिरवीत बसले. मग म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तरी हेच केले असते. हे तुमचे समाधान व्हावे म्हणोन बोलत नाही. मलाही माझी लाज वाटते म्हणोन बोलतो." आणि उठले, आणि भिंतीस हात लावीत लावीत बाहेर गेले, आणि नऊशांपैकी कोणी मान वर केली नाही. तिसरे दिवशी भिमाबाई आवडीस भेटावयास आल्या नाहीत. ज्येष्ठात वर्तमान आले की विसाजींच्या बहिणीचे गावी, वळवाच्या दिवसांत, दम्याने भिमाबाई वारल्या. आवडीने विचारिले, "बाबा, त्या का गेल्या?" पंत म्हणाले, "आजारी होत्या." मुलगी म्हणाली, "मी पण आजारी होते." पंत उठोन परसात गेले.

पुढील वर्षी विकृति संवत्सरी पंतांनी दुसरे नाव लिहिले, खर संवत्सरी तिसरे, नंदन संवत्सरी चौथे. दुसऱ्या वेळी हुकूम तीनदा लिहोन फाडिला, चौथ्या वेळी एकदाच लिहिला, आणि एकदाच लिहिल्याचे पंतांच्या ध्यानातही आले नाही. घरी ते बोलत कमी, आणि जे बोलत ते सभ्यपणे. सगुणाबाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशी कारभाऱ्यांसारखे बोलता."

शके सोळाशे पंचाण्णव, विजयनाम संवत्सर, चैत्रात, धुंडीराजशास्त्री भर दुपारी पंतांचे घरी आले. मागे हमालाच्या डोक्यावर पेटारा होता. म्हणाले, "मला बडतर्फ केले. गावी जातो. जाण्याआधी एक सांगावयाचे आहे, मग तुम्ही मला जोडा मारा." पंतांनी पाणी दिले ते त्यांनी घेतले नाही. म्हणाले, "तुमच्या मुलीची व्यथा पाच वर्षांमागे, सर्वधारी संवत्सरीच, मुळापासोन गेली. त्यानंतर मी तीस देतो तो गुळवेलीचा काढा, रंगासाठी मंजिष्ठ घातलेला." सगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पंत म्हणाले, "मी त्याच्या पुढील वर्षी, विरोधी संवत्सरी, तुम्हांस विचारावयास आलो होतो." शास्त्री म्हणाले, "होय. आम्हां वैद्यांचीही प्रतवारी असते. ज्याच्या यादीवर रोगी कमी तो दहावा. माझी चार लेकरे. तुमची मुलगी बरी जाहली म्हणावे तर यादी एकाने कमी." पंतांनी जोडा मारिला नाही, शिवीही दिली नाही. एवढेच म्हणाले, "यंदा तुमचे नाव कोणी लिहिले?" शास्त्री म्हणाले, "माझ्याच शिष्याने." आणि नमस्कार करोन निघोन गेले.

सगुणाबाई म्हणाल्या, "आता येथे काय आहे? चला." आणि त्याच दिवशी भांडी बांधावयास घेतली. पंतांनी पंधरा दिवसांची रजा काढिली, आणि तिघे गाडीने नदीकाठच्या ठाण्यास आले. रायाजी नाईक थकले होते, काठी टेकीत वेशीपर्यंत आले, आवडीचा भाजलेला हात हातांत घेऊन पाहिला आणि डोळे पुसले. म्हणाले, "जागा रिकामी नाही, परंतु सहावी बैठक घालावयास काय लागते?" दुसरे दिवशी सकाळी पंत लेखकांच्या बैठकीत जाऊन बसले. पाच जण होते, तीन जुने, दोन नवे. एकाने मायना चुकविला, दुसऱ्याने त्याची नक्कल केली, आणि पाचही हसले. पंतही हसावयास गेले. आणि त्यांच्या ध्यानात आले की आपण आत आल्यापासोन पाचांची ओळ लावीत आहो. पहिला कोण ते ठरले होते. दुसरा, तिसरा ठरला होता. आणि शेवटचा तो वाटोळ्या चेहऱ्याचा, जो सर्वांत मोठ्याने हसत होता, ज्याने सकाळी पंतांस आपल्या घरचे धिरडे आणोन दिले होते. पंतांनी डोळे मिटिले, मनात देवाचे नाव घेतले, पुन्हा उघडिले. ओळ तैशीच होती.

ते नाईकांकडे गेले आणि म्हणाले, "मी राहत नाही." नाईकांनी विचारिले, "वेतन कमी पडते का?" पंत म्हणाले, "नाही. तुमची माणसे चांगली आहेत. मी त्यांजमध्ये बसलो तर वर्षभरात ती एकमेकांकडे मी पाहतो तैसे पाहू लागतील. मला दुसरे काही येत नाही आता." नाईक म्हणाले, "काही दिवस जाऊ द्या, विसराल." पंत म्हणाले, "विसाजींस विसरेन का?" नाईकांस विसाजी कोण हे ठाऊक नव्हते, आणि त्यांनी विचारिले नाही. सगुणाबाईंनी सर्व ऐकिले आणि म्हणाल्या, "मी आवडीस घेऊन येथेच राहते. तुम्ही यावे ऐसे मला वाटते, परंतु ओढोन आणणार नाही." पंत एकटेच गाडीत बसले. आवडी वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत आली, आणि तेथे थांबली, कारण पुढे ये ऐसे पंतांनी म्हटले नाही.

त्या वर्षीच्या फाल्गुनात लिंगोपंतांनी आपल्या ताफ्याची ओळ लिहिली, त्यांत नऊ नावे जशीच्या तशी, आणि दहाव्या जागी आपले नाव लिहिले, सुबक अक्षरात, आणि स्वतः कारभाऱ्यांचे हाती दिली. कारभारी जिवाजी त्रिमळ यांणी वाचिली आणि त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "पंत, एवढी निष्ठा मी तीस वर्षांत पाहिली नाही. जो स्वतःसही सोडीत नाही त्यास दहांत अडकवोन ठेवणे हा आमचाच दोष." आणि हुजुरांस अर्ज करोन पंतांस वीस लेखकांचा ताफा दिला, शिरपेच दिला, आणि भर चौकात नऊशांसमोर त्यांचा सत्कार केला. वीस लेखकांत दोन नावे लिहावयाची असतात. पंतांनी सर्वांसमक्ष छातीवर हात ठेविला आणि रिवाजाप्रमाणे तीन वेळा म्हटले.

पुढे रायाजी नाईक कालवश जाहले, ठाणे त्यांच्या पुतण्याने चालविले, आणि बरे चालविले. आवडीचे लग्न ठाण्यातच जाहले, तीस दोन मुलगे, व्यथा पुन्हा आली नाही. लग्नास पंत दोन दिवसांची रजा घेऊन आले होते आणि सर्वांशी अतिशय सभ्यपणे बोलले. विसाजी मुकुंद कोठे निवर्तले याचा ठिकाण लागत नाही. लिंगो भास्कर यांणी थोर दौलतीत एकंदर सव्वीस वर्षे चाकरी केली, निम्मे वेतन घेऊन मोकळे जाहले, आणि दोन मजल्यांच्या घरात एकटे राहोन वारले. त्यांजविषयी दौलतीच्या दफ्तरात एकही वाईट चिठ्ठी निघाली नाही. येणेप्रमाणे जे समजले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही, आणि घालावे ऐसे काही हाती उरलेही नाही.